एक नदी आणि तीनशे कारभारी : लंडनच्या सांडपाण्याचे प्रकरण

१८५५ च्या जुलै महिन्यात मायकेल फॅरडे हे विख्यात शास्त्रज्ञ लंडनमध्ये टेम्स नदीतून बोटीने चालले होते. पाण्याचा गढूळ तपकिरी रंग आणि त्याची दुर्गंधी पाहून त्यांनी जवळच्या काही पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, ते चटकन बुडावेत म्हणून ओले केले आणि बोट ज्या ज्या धक्क्याला लागेल तिथे एकेक तुकडा पाण्यात सोडला. ऊन लख्ख पडलेले होते, तरी जेमतेम इंचभर खाली जाताच तुकडा दिसेनासा होत होता. कार्ड उभे पडले, तर वरची कड पाण्याबाहेर असतानाच खालची कड दृष्टीआड होत असे. हा अनुभव त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवला आणि नदीकडे असेच दुर्लक्ष होत राहिले, तर एखादा कडक उन्हाळाच या निष्काळजीपणाचा पुरावा देईल, असा इशाराही दिला.

तो उन्हाळा तीन वर्षांनी, १८५८ साली आला. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने अवघ्या अठरा दिवसांत एक कायदा मंजूर केला आणि त्याच्या आधारे लंडनच्या जमिनीखाली जे बांधकाम झाले, त्याचा मोठा भाग आजही वापरात आहे. दुर्गंधीने खासदार त्रासले आणि त्यांनी कायदा केला, एवढ्यावरच ही गोष्ट बहुधा आटोपली जाते. परंतु नळ, मोरी आणि शौचालय या रोजच्या वस्तूंमागे शासन नावाची यंत्रणा नेमके काय करीत असते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने १८५८ च्या अलीकडची आणि पलीकडची वर्षेही पाहिली पाहिजेत. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा दुर्गंधीत नाही, विटांतही नाही. संपूर्ण नदीची जबाबदारी कोणाची आणि चाळीस वर्षांत फिटणाऱ्या कर्जाला हमी कोणाची, या दोन प्रश्नांत तो आहे.

घराघरांतून नदीकडे

१८०१ साली लंडनची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. १८५१ च्या जनगणनेत ती तेवीस लाखांच्या पुढे गेलेली दिसते. घरांतील मैला पूर्वापार तळघरातील किंवा परसातील मैलाखड्ड्यात साठे. रात्रीच्या वेळी काम करणारे मजूर तो उपसून नेत आणि शहराबाहेरच्या शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. शहर लहान होते तोवर हा व्यवहार चालला. पुढे शहर पसरले, शेते दूर गेली, वाहतुकीचा खर्च वाढला, आणि १८४० नंतर दक्षिण अमेरिकेतून समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत स्वस्तात येऊ लागल्यावर या मालाला गिऱ्हाईकच उरले नाही. खड्डा उपसून घेणे घरमालकाला परवडेना, म्हणून खड्डे भरून वाहू लागले. त्यातच पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचालयांचा प्रसार झाला. प्रत्येक वापरागणिक भरपूर पाणी ओतणारी ही सोय घरापुरती उत्तमच होती, पण त्या पाण्याने खड्डे अधिकच लवकर भरू लागले.

रस्त्याखालची गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती. १८१५ पर्यंत घरातील मैला त्यांत सोडण्यास कायद्याने मनाई होती. त्या वर्षी ही मनाई उठली आणि १८४८ च्या सुमारास गटाराला जोडणी घेणे सक्तीचे झाले. सगळी गटारे टेम्सला मिळत. लंडनमध्ये टेम्स भरती-ओहोटीची नदी आहे, त्यामुळे ओहोटीबरोबर खाली गेलेली घाण भरतीबरोबर पुन्हा शहरात येई. पाणीपुरवठा करणाऱ्या अनेक खाजगी कंपन्या याच पट्ट्यातून पाणी उपसून घरोघर पोहोचवीत होत्या.

यातील एकाही माणसाने अविचार केला, असे मला म्हणवत नाही. खड्डा बुजवून गटाराला जोडणी घेणाऱ्या घरमालकाने आपल्या मुलाबाळांच्या भल्याचाच निर्णय घेतला होता, आणि आपल्या हद्दीतील पाणी तुंबू न देता पुढे लोटणाऱ्या स्थानिक मंडळानेही नेमून दिलेले काम चोख केले होते. घाण पुढच्याच्या दारात गेली की आपल्यापुरता प्रश्न सुटत होता, आणि सर्वांच्या पुढे शेवटी नदी होती. नदीला मात्र मालक नव्हता.

कारभारी पुष्कळ, जबाबदार कोणी नाही

त्या काळच्या लंडनमध्ये शासन नव्हते, असे समजणे चुकीचे ठरेल. १८५५ साली संसदेत या विषयावर चर्चा झाली तेव्हा शहराचा कारभार सुमारे तीनशे संस्थांमध्ये वाटलेला असून त्यांना अधिकार देणारे स्थानिक कायदे अडीचशेच्या घरात आहेत, असे चित्र मांडले गेले. चर्चच्या परिसरानुसार आखलेल्या पॅरिशची मंडळे, फरसबंदी मंडळे, दिवाबत्तीची मंडळे, गटार आयोग अशी ही भरताड होती. सेंट पँक्रास या एकाच पॅरिशमध्ये फरसबंदीची सोळा मंडळे होती. गटारांसाठी १८४८ पूर्वी वेगवेगळे आयोग होते आणि प्रत्येकाची बांधकामाची रीत निराळी होती.

याचा परिणाम जमिनीखाली कसा दिसत होता, त्याचे वर्णन पुढे जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने करून ठेवले आहे. हद्दीवर मोठे गटार लहान गटारात सोडलेले असे. उभ्या भिंतींचे गटार अंड्याच्या आकाराच्या गटाराला जोडलेले असे. निमुळते टोक वर असलेले अंडाकृती गटार पुढे निमुळते टोक खाली असलेल्या गटाराला मिळाल्याचीही उदाहरणे होती. या जोडावर उभे राहून पाहणाऱ्याला दोन्ही बाजूंचे बांधकाम आपापल्या परीने ठीकच दिसले असते. दोष होता तो त्या दोहोंमधल्या सांध्यात, आणि सांधा कोणाच्याच अखत्यारीत येत नव्हता. शासनाचा अभाव आणि शासनाचे असे तुकडे, या दोन अवस्था कागदावर अगदी भिन्न भासतात, पण घाण पाण्याच्या दृष्टीने दोहोंत काहीही अंतर नसते.

मग ही मंडळे एकत्र का आणली गेली नाहीत? स्थानिक करदात्यांचा त्याला कसून विरोध होता, आणि त्या विरोधाला केवळ चिक्कूपणा म्हणून उडवून लावणे न्यायाचे होणार नाही. दूरच्या कचेरीतील अधिकारी आपल्या घरात शिरून मोरी तपासणार, खर्च ठरवणार आणि बिल मात्र आपल्याकडे पाठवणार, ही भीती निराधार नव्हती. स्थानिक मंडळातील माणूस निदान ओळखीचा तरी होता. मध्यवर्ती सत्तेविषयीचा हा संशय इंग्लंडच्या राजकारणात खोलवर मुरलेला होता, आणि पुढे जे घडले त्यावरून तो सर्वस्वी चुकीचा नव्हता, हेही मान्य करावे लागते.

शासनाची पहिली चूक

एडविन चॅडविक यांनी १८४२ साली कष्टकरी लोकांच्या आरोग्यस्थितीवर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. घाण, रोगराई आणि दारिद्र्य यांचा परस्परसंबंध त्यात इतक्या आकडेवारीनिशी दाखवला होता की तो नाकारणे कोणालाही अवघड जावे. आजारी पडलेला कर्ता माणूस आणि त्याच्या मृत्यूनंतर उघडे पडलेले कुटुंब यांचा भार शेवटी समाजावरच पडतो, म्हणून रोग टाळण्यावर केलेला खर्च हाच स्वस्त खर्च ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून १८४८ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा आला. लंडन त्या कायद्याबाहेर राहिले, पण त्याच सुमारास तेथील बहुतेक गटार आयोग मोडून एकच महानगर गटार आयोग नेमण्यात आला आणि चॅडविक त्याचे सदस्य झाले.

रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो, अशी त्या काळी बहुतेक जाणकारांची धारणा होती आणि चॅडविक यांची तर त्यावर निष्ठाच होती. घरातील वास गेला की रोग जाणार, या समजुतीने आयोगाने मैलाखड्डे बंद करण्याची आणि गटारे धुऊन काढण्याची मोहीम हाती घेतली. सुमारे सहा वर्षांत तीस हजार खड्डे नाहीसे झाले आणि त्यांतली सगळी घाण नदीत गेली. घरे स्वच्छ झाली. पिण्याचे पाणी मात्र त्याच नदीचे होते. १८४८-४९ च्या पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत लंडनमध्ये चौदा हजारांच्या आसपास माणसे दगावली.

या प्रकरणातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. येथे हेतू चांगला होता, अधिकार होता, कष्ट घेण्याची तयारी होती, आकडेवारीही होती. फक्त रोगाविषयीचे मूळ गृहीतक चुकलेले होते, आणि ज्या हाती शहरभर अंमल करण्याची ताकद असते त्या हातून झालेली चूकही शहरभर पसरते. शासनाने हस्तक्षेप करावा की करू नये, एवढ्याच प्रश्नावर वाद घालणाऱ्यांनी हे पान वगळू नये.

एकाच रस्त्यावरचे दोन नळ

चूक दाखवून देणारा माणूस शासनाबाहेरचा होता. डॉ. जॉन स्नो यांनी १८४९ मध्येच पटकी पाण्यातून पसरते, असे मत मांडले होते. १८५४ च्या साथीत सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाभोवती मृत्यू एकवटले असल्याचे त्यांनी दाखवले आणि त्यांच्या सांगण्यावरून स्थानिक मंडळाने ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढून टाकला. पुढील चौकशीत असे आढळले की पंपाला लागून असलेल्या घरात साथीच्या आरंभी एक तान्हे मूल जुलाबाने आजारी होते, त्याची दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले जाई, आणि ढासळलेल्या विटांचा तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांपेक्षाही जवळ होता. आईने घरातली घाण घरातल्याच खड्ड्यात टाकली, इतकेच. त्या पंपाभोवती सहाशेहून अधिक मृत्यू झाले.

दांडा काढल्याची ही घटना प्रसिद्ध आहे, पण शासनाच्या भूमिकेचा विचार करताना स्नो यांचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. दक्षिण लंडनमध्ये दोन खाजगी पाणी कंपन्या एकाच भागात स्पर्धा करीत होत्या. कित्येक रस्त्यांवर दोघींचेही नळ टाकलेले होते. एका घराला या कंपनीचे पाणी, तर शेजारच्या घराला त्या कंपनीचे, आणि दोन्ही घरांतील माणसे सारख्याच परिस्थितीतील. यांपैकी लँबेथ कंपनीने १८५२ साली पाणी उपसण्याची जागा नदीच्या वरच्या, भरतीची घाण न पोहोचणाऱ्या भागात हलवली होती. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या घाणीतूनच पाणी घेत होती. स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरांची चौकशी केली. पुष्कळ ठिकाणी घरच्यांना आपल्या पाणी कंपनीचे नावही सांगता येत नव्हते, कारण बिल घरमालकाकडे जाई. तेव्हा त्यांनी पाण्याचे नमुने घेऊन त्यांत सिल्व्हर नायट्रेट घालून क्षाराचे प्रमाण पाहिले. शहरातल्या नदीचे पाणी वरच्या पाण्यापेक्षा सुमारे चाळीस पट खारट होते, त्यामुळे कंपनी कोणती हे काचेच्या नळीतच कळत असे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, तर लँबेथच्या दर दहा हजार घरांमागे ३७.

ग्राहकाने चांगला माल निवडावा आणि वाईट विकणारा आपोआप मागे पडावा, हा बाजाराचा नियम येथे चालू शकत नव्हता. आपण कोणाचे पाणी पितो, हेच माणसाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तरी दोन्ही पेले डोळ्यांना जवळपास सारखेच दिसले असते. अशा जागी नियम घालण्याचे काम तिऱ्हाइतालाच करावे लागते. संसदेने ते १८५२ च्या कायद्याने सुरूही केले होते. भरतीच्या पट्ट्यातून पाणी घेणे कंपन्यांनी बंद करावे, असे त्यात म्हटले होते. पण त्यासाठी १८५५ च्या ऑगस्टपर्यंत मुदत दिली होती. १८५४ ची साथ नेमकी त्या मुदतीत आली. लँबेथच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांतील फरकाकडे पाहिले की कायद्यातली तीन वर्षांची सवलत म्हणजे काय, हे फार स्पष्ट दिसते.

तरीही स्नो यांचे म्हणणे सरकारी आरोग्य मंडळाच्या वैज्ञानिक समितीने स्वीकारले नाही. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडाही पुढे पुन्हा बसवला गेला. स्नो १६ जून १८५८ रोजी वारले. तो दिवस ज्या महिन्यातला आहे, त्याच महिन्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसद हादरत होती.

१८५८ : कायद्यात नेमके काय होते

१८५५ साली महानगर व्यवस्थापनाचा कायदा होऊन महानगर बांधकाम मंडळ स्थापन झाले आणि १८५६ च्या आरंभी बॅझलजेट त्याचे मुख्य अभियंता झाले. नदीला समांतर मोठी भुयारी गटारे बांधायची, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून नदीला मिळणारी जुनी गटारे त्यांनी वाटेतच अडवायची आणि सगळे सांडपाणी शहराच्या पूर्वेला दूर नेऊन ओहोटीच्या वेळी सोडायचे, अशी ही योजना होती. योजना तयार होती, अभियंता तयार होता. पण मंडळाच्या आराखड्याला केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याची संमती लागेल, अशी अट कायद्यात होती. सांडपाणी नेमके कोठे सोडायचे यावरून खाते आणि मंडळ यांच्यात वाद झाला, खात्याने नेमलेल्या तज्ज्ञांनी कितीतरी अधिक खर्चाची पर्यायी योजना सुचवली, आणि जादा खर्च कोणी सोसायचा यावर घोडे अडले. फॅरडेंच्या पत्रानंतरची तीन वर्षे कागदपत्रांच्या देवघेवीत गेली.

१८५८ च्या जूनमध्ये सावलीतही पारा चौतीस-पस्तीस अंशांपर्यंत चढला. नदीचे पाणी आटले आणि काठावर घाणीचे थर उघडे पडले. नदीकाठीच असलेल्या संसद भवनात पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगण्यात आले, तरी समितीच्या खोल्यांत बसणे अशक्य झाले. अर्थमंत्री बेंजामिन डिझरायली यांनी १५ जुलैला विधेयक मांडले आणि २ ऑगस्टला त्याचा कायदा झाला.

घाईत केलेला हा कायदा फार मोजका होता, आणि त्यातच त्याचे यश आहे. त्याने बांधकाम खात्याचा नकाराधिकार काढून घेतला. मंडळाने ठरवावे, मंडळाने बांधावे आणि परिणामांना मंडळानेच उत्तर द्यावे, अशी सरळ रेषा प्रथमच आखली गेली. त्याचबरोबर मंडळाला तीस लाख पौंडांपर्यंत कर्ज उभारण्याची मुभा देऊन त्या कर्जाला सरकारी खजिन्याची हमी दिली. परतफेडीसाठी लंडनमधील मालमत्तांवर दर पौंडामागे तीन पेन्सचा कर चाळीस वर्षांसाठी बसवण्यात आला. त्या काळी एका पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे ज्या घराचे कराच्या हिशेबाने वार्षिक मूल्य वीस पौंड होते, त्या घराला वर्षाला साठ पेन्स, अर्थात पाच शिलिंग, भरावे लागणार होते.

कोणत्याही पॅरिशला ही रक्कम एकरकमी उभारणे शक्य नव्हते. खाजगी सावकाराने पैसे दिलेही असते, पण ज्यातून विकण्यासारखा माल तयार होत नाही अशा गटारावर त्याने चढे व्याज लावले असते. खजिन्याने हमी दिल्यामुळे कर्ज स्वस्त झाले आणि त्याची फेड पुढच्या पिढीपर्यंत पसरली. १८५८ साली जन्मलेले मूल प्रौढ होऊन स्वतःच्या घराचा कर भरू लागले, तेव्हाही हा हप्ता चालूच असणार होता. त्या मुलाला विचारून कोणी हे ठरवले नव्हते, हे खरे आहे. पण ते मूल जगण्याची शक्यताही याच कर्जातून वाढत होती. अशा व्यवहारात दोन्ही पक्षांच्या वतीने सही करू शकणारी संस्था शासनाखेरीज दुसरी कोणती असू शकेल, हे मला तरी सुचलेले नाही.

विटा, सिमेंट आणि उतार

काम १८५९ मध्ये सुरू झाले. मुख्य गटारांची लांबी ८२ मैल, म्हणजे सुमारे १३२ किलोमीटर, आणि वापरलेल्या विटा ३१ कोटी ८० लाख. शक्य तेथे सांडपाणी उतारानेच वाहावे म्हणून मैलामागे साधारण दोन फूट उतार ठेवला होता. जिथे पातळी फार खाली गेली तिथे ते उचलून पुन्हा वर सोडण्यासाठी पंपगृहे बांधली. क्रॉसनेसचे पंपगृह १८६५ मध्ये, तर ॲबी मिल्सचे १८६८ मध्ये सुरू झाले.

या सगळ्यांत सिमेंटची हकीकत जवळून पाहण्याजोगी आहे. पाण्याखाली टिकणारे पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवे होते आणि त्याचा दर्जा भट्टीगणिक बदलत असे. बॅझलजेट यांनी ते वापरायचे ठरवले, पण येणाऱ्या मालाची चाचणी सक्तीची केली. सिमेंटचे लहान ठोकळे करून ते पाण्यात ठेवायचे आणि सात दिवस झाले की ताण देऊन ते कितीला तुटतात ते मोजायचे, असा तो नियम होता. जो माल ठरावीक भार सोसणार नाही तो परत जाई. अशा चाचण्या वर्षानुवर्षे, हजारोंच्या संख्येने झाल्या. कंत्राटदाराला हा जाच वाटला असणार. पण मातीखाली गाडले जाणारे काम पुन्हा कोणाच्या नजरेस पडत नाही, त्यामुळे ते झाकण्यापूर्वी तपासणारा कडक माणूस नसेल, तर त्याचा दोष पन्नास वर्षांनी भलत्यालाच भोगावा लागतो. ही गटारे दीडशेहून अधिक वर्षे टिकली आहेत, त्यात या ठोकळ्यांचा वाटा मोठा आहे.

नदीकाठी बांधलेल्या व्हिक्टोरिया एंबँकमेंटच्या पोटात गटार, भुयारी रेल्वे आणि वरून रस्ता व बागा अशी एकत्रित रचना झाली. त्या कामाचा पैसा बराचसा शहरात येणाऱ्या कोळशावरील जकातीतून आला.

जे सुटले नाही

१८६६ मध्ये लंडनमध्ये पटकी पुन्हा आली. मृत्यू मुख्यतः पूर्व भागात झाले आणि त्यांची संख्या साडेपाच हजारांच्या पुढे गेली. त्या भागाला नव्या गटारांशी जोडणारे ॲबी मिल्सचे पंपगृह पूर्ण व्हायला अजून दोन वर्षे होती. आकडेवारीतज्ज्ञ विल्यम फार हे एके काळी हवेच्या सिद्धान्ताचे समर्थक होते, पण या वेळी त्यांनी मृत्यूंची विभागणी पाहून पूर्व लंडनच्या पाणी कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीने गाळलेलेच पाणी दिल्याचा दावा केला. मात्र ग्राहकांच्या घरच्या पाइपांत ईल मासे सापडले होते, आणि गाळण्यातून ईल जाऊ शकत नाही. शहराचा जेवढा भाग नव्या व्यवस्थेत आला होता तो बहुतांशी वाचला आणि जो राहिला होता तेथे साथ पेटली. स्नो यांचे म्हणणे जाणत्या वर्तुळात मान्य होऊ लागले ते यानंतर. पटकीचा जंतू तर रॉबर्ट कॉख यांनी १८८४ च्या सुमारास निश्चित केला. तोवर योजनेचा मोठा भाग चुकीच्या कारणासाठी बांधून झाला होता. वास घालवण्यासाठी घाण दूर नेली आणि त्यामुळे पाणी सुधारले.

दूर नेलेली घाणही कोणाच्या तरी दारात जातच होती. ३ सप्टेंबर १८७८ रोजी प्रिन्सेस ॲलिस ही प्रवासी आगबोट सांडपाणी सोडण्याच्या ठिकाणाजवळच टक्कर होऊन बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. थोड्याच वेळापूर्वी तेथे सांडपाणी सोडण्यात आले होते. शहराने आपला प्रश्न खालच्या बाजूला लोटला होता, अगदी जसा पूर्वी प्रत्येक घरमालक आणि प्रत्येक पॅरिश लोटत असे. हद्द मोठी झाली होती, पण हद्दीच्या पलीकडचा माणूस अजूनही हिशेबात नव्हता. पुढे शाही आयोगाने चौकशी केली आणि १८८७ पासून गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकणे सुरू झाले. समुद्रात गाळ टाकण्याची ही पद्धत १९९८ पर्यंत चालली.

मंडळाचा स्वतःचा शेवटही चांगला झाला नाही. त्याचे सदस्य मतदारांनी थेट निवडलेले नसत. पॅरिश मंडळे आपल्यातून प्रतिनिधी पाठवीत. मंडळ जसजशा जमिनी घेऊ आणि देऊ लागले, तसतसे काही अधिकारी व सदस्य त्यात हात ओले करू लागले, आणि १८८८ मधील चौकशीत गैरव्यवहार उघड झाले. १८८९ मध्ये मंडळ बरखास्त होऊन थेट निवडून आलेली लंडन काउंटी कौन्सिल आली. खर्चाचा अधिकार एका जागी आणल्याशिवाय गटारे झाली नसती, हे मी वर म्हटले आहे. तोच अधिकार मतदारांच्या नजरेआड तीस वर्षे राहिला, तेव्हा तो किडला. स्थानिक करदात्यांच्या जुन्या संशयात तथ्य होते ते येथे. पाणी कंपन्यांचा प्रश्न आणखी रेंगाळला. १९०२ च्या कायद्याने आठ खाजगी कंपन्या एका सार्वजनिक मंडळाकडे गेल्या. स्नो यांनी घरोघर हिंडून ते दोन आकडे काढले, त्याला तेव्हा जवळपास पन्नास वर्षे झाली होती.

लंडनला पटकीची मोठी साथ १८६६ नंतर पाहावी लागली नाही. १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे ती आली आणि साडेआठ हजारांवर बळी घेऊन गेली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरवत होते. त्याला खेटून असलेल्या अल्टोना शहराची हद्द आणि सत्ता निराळी होती. ते त्याच नदीचे, उलट हॅम्बुर्गच्या खालच्या बाजूचे, पाणी घेत होते, पण वाळूतून गाळून पुरवत होते आणि बरेचसे बचावले.

बॅझलजेट यांची गटारे पावसाचे पाणी आणि मैला एकत्र वाहून नेतात. लोकसंख्या तेव्हापासून कितीतरी पटींनी वाढल्यामुळे थोड्याशा पावसातही ती भरून टेम्समध्ये सांडू लागली होती. त्यावर उपाय म्हणून नदीखाली २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा बांधण्यात आला आणि तो २०२५ च्या आरंभी पूर्णपणे जोडला गेला. इंग्लंडमधील पाणीपुरवठा १९८९ पासून पुन्हा खाजगी कंपन्यांकडे आहे, आणि हा बोगदाही खाजगी गुंतवणुकीतून, ग्राहकांच्या पाणीबिलांतून वसूल होणाऱ्या पैशावर उभा राहिला. गुंतवणूकदार पुढे आले ते मात्र नेहमीच्या विम्यात न बसणाऱ्या मोठ्या जोखमींसाठी सरकारने लेखी पाठबळ दिल्यानंतरच.